वाघ : पोथीतला, पुस्तकातला आणि केळीच्या बागेतला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी मुलाची वाघाशी पहिली ओळख होते ती आजीच्या मांडीवर. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ अडवतो. म्हातारी म्हणते, आत्ता माझ्यात काय आहे, हाडंच. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. वाघ विश्वास ठेवतो आणि म्हातारी येताना भोपळ्यात बसून निसटते. पुढे शाळेत वाघाचं कातडं पांघरून शेतात चरणाऱ्या गाढवाची गोष्ट येते. इसापाच्या गोष्टीत ते कातडं सिंहाचं आहे. आपल्या पंचतंत्रात मात्र ते वाघाचं आहे. हितोपदेशात सोन्याचं कडं दाखवून वाटसरूला चिखलात ओढणारा म्हातारा वाघ भेटतो. म्हणजे मूल दहा वर्षांचं होईतो त्याला तीन वाघ भेटलेले असतात. एक भोळा, एक खोटा आणि एक ढोंगी. खरा वाघ त्याने पाहिलेला नसतो.

चौथा वाघ मात्र आपल्या खानदेशचा आहे. योगी चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले आणि ही भावंडं बसल्या भिंतीसह त्यांना सामोरी गेली, ही कथा कुणाला माहीत नाही? हे चांगदेव तापीकाठचे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून नदीच्या काठाने वर गेलं की हतनूरचं धरण लागतं, आणि त्याच्या वरच्या अंगाला तापी-पूर्णेचा संगम. तिथे चांगदेव गावी त्यांचं जुनं दगडी मंदिर आहे. मुक्ताबाई जिथे विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, ते मेहूणही याच परिसरातलं. पूर्वीच्या एदलाबादला आज मुक्ताईनगर म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून.

वाघावर बसणारा योगी आणि चालणारी भिंत ही कथा केवळ आपलीच नाही. अनेक सूफी पिरांबद्दलही अशाच कथा सांगितल्या जातात. सगळीकडे अर्थ एकच, की वाघाला वश करणं ही मोठी सिद्धी, पण तिच्याहून मोठं काही आहे. मला यात दुसरी एक गोष्ट दिसते. ज्या लोकांनी ही कथा सांगितली, त्यांच्या मनात सगळ्यात जबर जनावर कोणतं होतं? हत्ती नाही, सिंह नाही. वाघ. आणि तापीकाठच्या माणसाने वाघच निवडावा याला कारण होतं. तो त्याच्या बांधावरच राहत होता.

गावांची, नद्यांची नावं बघा. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून जामनेर तालुक्यातून तापीकडे येणारी आपली नदी वाघूर. तिच्याच वरच्या अंगाला, लेण्यांच्या पायथ्याशी, तिला वाघोरा म्हणतात. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या दरीत आला आणि समोरच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली, असं सांगतात. साहेबाने दहाव्या लेण्यातल्या चित्रांवर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून आहे. अजिंठ्याच्या चित्रांची जगाला नव्याने ओळख झाली, तिच्या मुळाशी असा एक वाघ आहे. तो त्या दिवशी मारला गेला की निसटला, याची वार्ता कुणी ठेवलेली नाही.

साहेबाच्या वाघाकडे आपण आता येऊ, कारण पुस्तकातला वाघ तिथून बदलतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं या मुलखाने फार वाईट काढली होती. होळकर-शिंद्यांच्या फौजांची धामधूम, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ. गावंच्या गावं उठून गेली. नांगर थांबला तिथे रान वाढलं, रानामागून हरणं-डुकरं आली आणि त्यांच्यामागून वाघ आला. १८८० साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा आहे. त्यात १८२२ साली हिंस्र जनावरांनी ५०० माणसं आणि २०,००० गुरं मारल्याची नोंद आहे. त्या अंदाधुंदीच्या दिवसांत हे आकडे कुणी, कसे मोजले असतील, असं विचारायला हवं. वाघाच्या नावावर तरसाने, लांडग्याने आणि साध्या रोगराईने मारलेली गुरंही चढली असतील. पण नव्या सरकारच्या डोळ्यांना वाघ कसा दिसत होता, ते यातून नेमकं कळतं. महसूल वाढवायचा तर शेती वाढायला हवी, आणि शेतीच्या आड येणारा वाघ म्हणजे सरकारचा शत्रू.

या सरकारचा खानदेशातला सगळ्यात नावाजलेला शिकारी जेम्स आउटरॅम. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८२५ मध्ये, तो इथे आला. भिल्लांचं बंड मोडून त्याच भिल्लांची पलटण उभी करायची, हे त्याचं काम. धरणगाव हे तिचं मुख्य ठाणं. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो बऱ्याच अंशी शिकारीतून. त्यांच्याबरोबर रानात पायी हिंडला, त्यांच्याबरोबर वाघासमोर उभा राहिला. १८३५ मध्ये त्याने खानदेश सोडला. त्याचं चरित्रही योगायोगाने १८८० सालचंच. त्यात हिशेब दिला आहे : १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत आउटरॅम आणि त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारले, त्यांपैकी १९१ आउटरॅमच्या समक्ष. शिवाय अस्वलं, रानरेडे आणि बिबटे वेगळे. एका जिल्ह्यातली, एका मंडळींची ही दहा वर्षांची शिकार. आज साऱ्या महाराष्ट्रात किती वाघ आहेत? २०२२ च्या गणनेनुसार ४४४.

चरित्रात वाघांचा आकडा एकेरीपर्यंत मोजलेला आहे. माग काढणारे, हाका करून रान उठवणारे, जखमी वाघाच्या मागे झाडीत शिरणारे भिल्ल किती होते आणि त्यांतले किती परत आले नाहीत, याचा असा हिशेब कुणी मांडला नाही. शिकारीचं पुस्तक लिहिणारा एक आणि वाघ ओळखणारा दुसरा, ही फारकत तेव्हापासूनची आहे.

मजेची गोष्ट अशी की, आउटरॅम खानदेशात वाघ मारत होता त्याच सुमारास, १८२८ मध्ये, मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं इसापनीतीचं मराठी पुस्तक छापून निघालं. मराठी मुलांच्या छापील पुस्तकांची ही सुरुवातीची पायरी. म्हणजे रानातला वाघ बंदुकीपुढे येत होता, नेमक्या त्याच दिवसांत बोलणारी, शहाणपण शिकवणारी जनावरं मुलांच्या पुस्तकात शिरत होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हे दोन्ही प्रवाह वाढत गेले. १८६०च्या दशकात आगगाडी भुसावळला आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, पडीक जमीन नांगराखाली आली. वाघ सपाटीवरून हटला आणि सातपुड्याच्या कुशीत गेला. पुस्तकात मात्र त्याची वस्ती वाढली.

१८९४ मध्ये रडयार्ड किपलिंगचं ‘जंगल बुक’ आलं. त्यातला शेरखान लंगडा, कपटी आणि माणसाच्या पोराच्या मागे लागलेला. शेवटी मोगली त्याचं कातडं सोलून शिळेवर पसरतो. साहेबाच्या दिवाणखान्यातलं वाघाचं कातडं असं मुलांच्या पुस्तकात आलं. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण १९९०च्या दशकातलं आहे, त्यांना दूरदर्शनवरचा रविवारचा शेरखान आठवत असेल. त्याचा आवाज नाना पाटेकरांचा होता.

मोठ्यांच्या पुस्तकात याच्या उलट वळण आलं, ते १९४४ मध्ये. जिम कॉर्बेटचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक त्या वर्षी निघालं. कॉर्बेटही शिकारीच. पण त्याने आधीच्या शिकाऱ्यांनी सहसा न विचारलेला प्रश्न विचारला : हा वाघ माणूस का खाऊ लागला? चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली, असं मानलं जातं. कॉर्बेटने १९०७ मध्ये तिला मारलं आणि तिचं तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे सुळे तुटलेले. जुन्या गोळीची ती जखम होती. नेहमीची शिकार तिला साधेना, म्हणून ती माणसाकडे वळली. कॉर्बेटच्या मते नरभक्षक घडतो तो बहुतेक वेळा अशा जखमेतून, साळिंदराच्या काट्यातून किंवा म्हातारपणातून. धडधाकट वाघ माणसाला टाळतो. शेरखान जन्मतः दुष्ट होता. कॉर्बेटची वाघीण माणसाने जायबंदी केलेली होती. वाघाच्या गोष्टीत कारण आलं आणि तिचं रूप पालटलं.

मराठीत हे वळण पुढे नेलं व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी. माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेले. पण ‘नागझिरा’ लिहिणारे माडगूळकर रानात गेले ते वही आणि चित्रांची पेन्सिल घेऊन. चितमपल्ली तर वनाधिकारीच. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात गोंड, माडिया, कोरकू माणसांकडून ऐकलेलं रानाचं ज्ञान त्या माणसांच्या शब्दांसह येतं. आउटरॅमच्या काळात झालेली लिहिणारा आणि ओळखणारा यांची फारकत इथे थोडी कमी झाली, असं मी म्हणेन. मधल्या काळात कायदाही बदलला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि सिंहाकडे असलेला राष्ट्रीय प्राण्याचा मान वाघाकडे आला. शेजारचं मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. कालपर्यंत मुलांच्या गळ्यात सोन्यात मढवून घातलेलं वाघनख आता बाळगणं गुन्हा ठरलं.

पण श्रोतेहो, या सगळ्या पुस्तकांच्या आधीपासून आणि पुस्तकांवाचून चालत आलेली वाघाची एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यांत आहे. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोकणा, भिल्ल, पावरा यांच्या वाड्यांवर वाघदेव असतो. लाकडाचा किंवा दगडाचा खांब, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले, शेंदूर लावलेला. दिवाळीच्या तोंडावर आपण वसुबारस करतो, त्याच दिवशी कित्येक आदिवासी गावांत वाघबारस असते. गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवून मागणं मागतो, की आमची गुरं राख. जो गुरं खाऊ शकतो त्यालाच राखण करायला सांगायचं! यात वाघाला वश करणं नाही, फसवणं नाही, मारणंही नाही. त्याच्याशी करार आहे. वाघाचं अस्तित्व धरून चालायचं आणि आपलं नुकसान कमीत कमी होईल असं बघायचं.

मला आज या कराराची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण वाघ आपल्याकडे परत आला आहे. खरं तर तो पुरता गेलाच नव्हता. मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोदा वनक्षेत्रात, डोलारखेडा परिसरात वाघांचा वावर आहे. मेळघाटाकडून बुलढाण्याच्या डोंगरांतून हा पट्टा पूर्णाकाठापर्यंत येतो. या वनाला ‘मुक्ताई-भवानी’ संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला आहे. चांगदेव-मुक्ताईच्या मुलखातल्या वाघाच्या रानाला मुक्ताईचं नाव! पण वाघ रेघ पाहून चालत नाही. नदीकाठची झाडी आणि तिला लागून असलेली केळीची बाग त्याला सारखीच. बागेत सावली, गारवा, ठिबकचं पाणी आणि पाठोपाठ रानडुकरं. वाघाला आणखी काय हवं?

आणि त्याच बागेत शेतकऱ्याला रात्री जावं लागतं. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत मिळत आली आहे. वीज तयार होते आपल्या दीपनगरात, आणि तिची वाट पाहत बॅटरी घेऊन अंधारात उभा राहतो तो वाघाच्या वाटेवर. त्याला पुस्तकातला राजबिंडा वाघ सांगून भागणार नाही. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत गिरणाकाठच्या गावांनी काय सोसलं, ते तिथल्या बायाबापड्यांना विचारा. बोलताना आपण पट्टेरी वाघालाही वाघ म्हणतो आणि बिबट्यालाही वाघच म्हणतो. दोघांची चाल वेगळी, सवयी वेगळ्या, घ्यायची काळजीही वेगळी. एका शब्दात दोघांना कोंबलं, की अफवा पिकते आणि मग विषाचं आमिष आणि तारेचा फास निघतो.

आपल्या मुलांच्या पुस्तकांना म्हणूनच मोठं काम आहे. म्हातारीचा भोळा वाघ राहू द्या, चांगदेवांचा वाघ तर राहायलाच हवा. पण त्यांच्या शेजारी पूर्णाकाठच्या वाघाची एक खरी गोष्ट हवी. पंजाचा ठसा कसा ओळखावा, रात्री बागेत एकट्याने का जाऊ नये, वाकून काम करताना का जपावं, गुरू मेलं तर भरपाईसाठी वनखात्याला कधी आणि कसं कळवावं, हे त्या गोष्टीत यावं. ती लिहिण्यासाठी मोठ्या लेखकाची वाट बघायची गरज नाही. डोलारखेड्यातला गुराखी, यावलच्या डोंगरातला पावरा म्हातारा, वाघदेवाला नैवेद्य दाखवणारी आजी यांच्याकडे तिची प्रकरणं तयार आहेत. अहिराणीत आहेत, पावरीत आहेत, भिल्लीत आहेत. शाळेतल्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसावं. सांगणाऱ्याचं नाव वर लिहावं आणि मग गोष्ट लिहावी. दोनशे वर्षांपूर्वीच्या शिकारीच्या वह्यांत जे राहून गेलं, ते निदान या वह्यांत तरी यावं.