तळटीप : डफ बिअर

१७. ‘द सिम्प्सन्स’ (फॉक्स वाहिनी, १९८९ पासून) या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतील होमर सिम्प्सनची लाडकी बिअर. मॅट ग्रेनिंग यांच्या स्प्रिंगफील्ड गावात खऱ्या कंपन्यांऐवजी बहुधा त्यांच्या नकला नांदतात : सेव्हन-इलेव्हनच्या धर्तीवरचे, अपू चालवतो ते क्विक-ई-मार्ट, मॅकडोनल्ड्सची आठवण करून देणारे क्रस्टी बर्गर, २००८ मधील एका भागात ॲपलच्या जागी ‘मॅपल’. नाव बदलले की लेखकांना हवी तशी खोड काढता येते आणि रोख कोणावर आहे हेही प्रेक्षकाला कळते. ‘डफलेस’ (१९९३) या भागात डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या तिन्ही बिअर एकाच नळातून भरल्या जाताना दिसतात. हा टोला एका कंपनीला नसून बिअरच्या सगळ्या जाहिरातबाजीला आहे.

पुढे ही नक्कल खऱ्या बाजारात उतरली. ऑस्ट्रेलियात काही उत्पादकांनी ‘डफ बिअर’ विकायला काढली, तेव्हा फॉक्सने दावा लावला. १९९६ मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने फॉक्सच्या बाजूने निकाल दिला : हे नाव वाचून ग्राहकाला मालिकाच आठवणार, आणि त्याची दिशाभूल होणार. २००७ मध्ये ‘द सिम्प्सन्स मूव्ही’च्या जाहिरातीसाठी सेव्हन-इलेव्हनने आपल्या काही दुकानांना स्वतःहून क्विक-ई-मार्टचे रूप दिले. तेथे बझ कोला आणि क्रस्टी-ओज मिळत होते. डफ मात्र नव्हती, कारण चित्रपटाच्या प्रेक्षकांत मुलेही होती. — सं.