खिचडी कुठल्या खात्यावर?

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार म्हणजे खिचडी. कागदावर पाककृती कितीही येऊ देत, पोरं मधल्या सुट्टीत रांग लावतात ती खिचडीसाठी. पण या खिचडीचं मूळ गाव शोधायला निघालं, तर ते पुण्या-नागपुरात सापडत नाही. ते चेन्नईच्या थाउजंड लाइट्स भागात, तेव्हाच्या मद्रास महापालिकेच्या एका शाळेत सापडतं.

सप्टेंबर 1920. महापालिकेचे अध्यक्ष होते जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी. या शाळेतल्या मुलांना खाऊ घालावं आणि त्यावर मुलामागे दिवसाला एक आण्याहून जास्त खर्च होऊ नये, असा ठराव मंजूर झाला. चेट्टींचा युक्तिवाद रोखठोक होता: इथली मुलं गरीब आहेत आणि त्यामुळे शाळेचा पट खालावतो. दयेची भाषा नाही, पटाची भाषा. पुढे आणखी चार शाळांत खाणं सुरू झालं आणि पट झपाट्याने वाढला.

मग हिशेब तपासणारे आले. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून खाण्याचा खर्च करता येणार नाही, असं सरकारने बजावलं आणि 1 एप्रिल 1925 पासून ताटं बंद झाली. पोरांना भूक लागत नाही, असं कोणीच म्हणालं नव्हतं. हरकत होती ती फक्त खात्याला. दोन वर्षांनी चार शाळांत सुमारे 1,000 गरीब मुलांसाठी ते पुन्हा सुरू झालं. शाळेतल्या जेवणाचा पुढचा सगळा इतिहास याच हरकतीभोवती फिरतो.

के. कामराज यांची गोष्ट तमिळनाडूत अजून सांगतात. मुख्यमंत्री दौऱ्यावर असताना गुरं राखणारी पोरं दिसली. ‘शाळेत का जात नाही?’ असं विचारल्यावर एकाने उलट विचारलं, ‘शाळेत जेवायला देणार का?’ गोष्टीला भक्तांनी फोडणी दिली असेल, पण कामराजांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती, हे खरं. 1956 मध्ये त्यांनी दुपारचं जेवण राज्य पातळीवर नेलं. तिजोरीत फारसं नव्हतं, म्हणून गावोगावच्या देणग्यांवरही भिस्त ठेवली. 1961 पासून ‘केअर’ या परदेशी संस्थेची मदत मिळू लागली.

पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले सिनेनट एम. जी. रामचंद्रन यांनी 1 जुलै 1982 रोजी याच योजनेला वेगळंच रूप दिलं. लहानपणी त्यांनी उपासमार सोसली होती आणि ते तसं उघड सांगत. सिनेनटाचा मतांसाठीचा खेळ म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मतांचा हिशेब नव्हताच, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण हजारो गावांतल्या बायकांना संघटक, स्वयंपाकी आणि मदतनीस म्हणून काम मिळालं. अशी योजना मग पुढच्या कुठल्याच सरकारला गुंडाळता आली नाही.

दिल्लीला जाग आली 15 ऑगस्ट 1995 रोजी, तीही अर्धीच. केंद्राने योजना जाहीर केली, पण बहुतेक राज्यांत, महाराष्ट्रातही, शिजवलेलं अन्न पोचलं नाही. 80 टक्के हजेरी भरली की मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळे. पिशवी घरी जाई आणि तांदूळ सगळ्या घराच्या पातेल्यात पडे. मुलाच्या वाट्याला किती आला, हे कोण मोजणार?

2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि अन्न महामंडळाकडे 5 कोटी टनांच्या घरात धान्य पडून होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकघराची मापंच घालून दिली: शिजवलेलं जेवण, किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान 200 दिवस. या आदेशानंतर महाराष्ट्रात तांदळाची पिशवी गेली आणि खिचडीचं पातेलं आलं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचा त्यावर हक्क झाला.

त्याच वर्षी बिहारमधल्या गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली. तेव्हापासून मुलांना वाढण्याआधी चव घेण्याच्या नियमाचा काच वाढला. आज शिक्षक वाटीभर खिचडी खातात आणि चव नोंदवहीत सही करतात. पाचवीपर्यंतच्या मुलामागे तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50, तेल 5. शिजवणाऱ्या बाईसाठी केंद्राने 2009 मध्ये मानधन ठरवलं ते महिन्याला 1,000 रुपये, वर्षातले दहाच महिने. राज्यं त्यात आपापली भर घालतात.

2021 मध्ये योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ झालं. धान्य केंद्र देतं. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी मे 2025 पासून पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आहेत आणि बहुतेक राज्यांत हा भार केंद्र आणि राज्य 60:40 असा वाटून घेतात. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये शासनाने सांगितलं, अंडी आणि साखर यांसाठी वेगळा निधी नाही, हवं असेल तर लोकसहभागातून उभा करा. म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीने गावात वर्गणी मागायची. किराणा दुकानात एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं. एका मुलाच्या डाळ-भाजी-तेलासाठी सरकार दिवसाला देतं, जवळपास तेवढ्याला.