तळटीप : मैदानातली गर्दी
१२. मैदान भरण्याची आशा : बीडच्या कुस्तीशौकिनांची ही अपेक्षा जत्रेतल्या फडांवरून आलेली आहे. तिथे मातीभोवती कडे करून सारे गाव बसते. निकाल चितपटीवर आणि इनाम जागेवरच. महाविद्यालयीन कुस्ती मात्र वजनगट व गुणांवर चालते आणि बहुधा दिवाळीच्या आगेमागे होते. त्याच सुमारास जिल्ह्यातले लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात; परततात ते उन्हाळ्यात, जत्रांच्या दिवसांत. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकणारे राहुल आवारे याच जिल्ह्यातल्या पाटोद्याचे. म्हणून महाविद्यालयीन कुस्तीतली विरळ गर्दी पाहून इथले कुस्तीप्रेम आटले असे मानणे अन्यायाचे ठरेल. — संपा.