लखनौचा मासा आणि सोमेश्वराचा गळ

लखनौच्या कैसरबागेत गेलात, की दरवाजांवर माशांची जोडी कोरलेली दिसते. अवधच्या नवाबांचे ते राजचिन्ह. मोगल दरबारी ‘माही मरातिब’ म्हणून मत्स्याकृतीचा मान मिळे, त्याच परंपरेतले. पण त्या माशांची जात कोणी विचारीत नाही. मिरवण्यास कोणताही मासा पुरतो. गळ टाकणाऱ्यास मात्र जात ओळखावीच लागते.

ही ओळख ग्रंथात नोंदविणारा राजा दक्षिणेत होऊन गेला. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा नदीतला, कोणता समुद्रातला, कोण काय खातो, त्यास कोणते आमिष करावे, काठी, दोरी व गळ कसे असावेत, हे सारे त्यात आहे. सुमारे ३५ जातींची नोंद आहे. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर शोधनिबंध लिहिला. याच ग्रंथात जुन्या मराठीतील एक पद्य सापडते, तेही मत्स्यावताराच्या स्तुतीचे!

आज देशी माशांच्या आनुवंशिक वारशाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था लखनौतच आहे. १९८३ साली ती अलाहाबादेस स्थापन झाली, पुढे येथे आली. दरवाजावरच्या अनाम माशांच्या नगरीत आता खऱ्या माशांची नावे टिपली जातात. ज्याचे नावच आपण विसरलो, तो नदीतून नाहीसा झाला तरी आपल्याला कळणार कसे?