साथ ओसरताना : मुंबईच्या प्लेगची एक उपेक्षित बाजू

साथीच्या रोगाचा इतिहास लिहिताना रोगाचा आरंभ, त्याचा कहर आणि मृतांची गणना यांकडेच आपल्या इतिहासकारांचे लक्ष विशेषेकरून गेलेले दिसते. साथ ओसरू लागल्यावर नगराचे व्यवहार पुन्हा कसे सुरू झाले, कोणते निर्बंध केव्हा व कोणत्या कारणांनी सैल करण्यात आले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षितच राहिला. वस्तुतः नगरसंस्थेची खरी परीक्षा याच काळात होत असते. मुंबईतील १८९६ च्या प्लेगचा वृत्तांत या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, म्हणून तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात प्लेगचा रोगी असल्याचे निदान डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. हे गृहस्थ गोव्यातील हडफडे गावचे. मुंबई म्युनिसिपालिटीचे ते सभासद होते व पुढे १९०६ साली तिचे अध्यक्षही झाले. तेव्हा एका गोमंतकीयाच्या निदानापासून या प्रकरणास आरंभ झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

निदान होताच म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी आपले अधिकार वापरून रोग्यांस सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम ऑक्टोबरमध्ये काढला. घरांना चुना लावणे, गटारे धुऊन काढणे, जंतुनाशके शिंपडणे ही कामेही जोरात सुरू झाली. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. म्हणजे १८९६ साली अधिकारी मोठ्या निष्ठेने गटारे धूत होते, आणि रोग मात्र धान्याच्या वखारींतून व चाळींतून हिंडत होता.

लोकांस भय वाटले ते रोगाइतकेच रुग्णालयाचे. घरचे माणूस एकदा आर्थर रोडच्या इस्पितळात गेले की परत दिसत नाही, तेथे जातीपातीचा विचार राहत नाही, अशा समजुती पसरल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. लोक शहर सोडून जाऊ लागले, आणि १८९७ च्या आरंभीचे महिने येईपर्यंत सुमारे निम्मी मुंबई रिकामी झाली होती.

परंतु कमिशनरसाहेबांस खरी धास्ती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. शहराची मैलासफाई करणारे कामगार, ज्यांना सरकारदप्तरी ‘हलालखोर’ म्हणत व ज्यांच्या नावाचा एक करच मुंबईकर भरीत असत, तेही शहर सोडण्याच्या बेतात होते. व्यापारी गेला तर पेढी बंद पडेल, वकील गेला तर खटला लांबेल. पण हे लोक गेले तर मुंबई मनुष्यवस्तीस योग्यच राहणार नाही, हे स्नो यांनी ओळखले. महिनाअखेरीस हुकूम सौम्य करण्यात आला आणि ज्यांची घरी वेगळी व्यवस्था होऊ शकेल त्यांस हलविण्याचा आग्रह सोडण्यात आला. या माघारीमागे सफाई कामगारांस राखण्याची निकड होती, हे स्नो यांनी पुढे आपल्या अहवालात मान्य केले आहे. ज्यांस नगराने वेशीबाहेरचे मानले, त्यांच्या असण्यावरच नगराचे नगरपण अवलंबून होते, याचा इतका स्पष्ट कबुलीजबाब क्वचितच मिळेल.

पुढे सरकारने हा धडा बाजूस ठेवला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला व मार्चमध्ये मुंबईचे प्लेगनिवारण जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे गेले. पुण्यात रँड यांच्या अमदानीत सोजिरांकडून घरझडत्या झाल्या. तिचे पर्यवसान २२ जूनच्या गणेशखिंडीतील प्रसंगात झाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगला बळी पडल्या. सेवेचे एक रूप ते, आणि सक्तीचे एक रूप हे. दोन्ही एकाच शहरात, एकाच ऋतूत दिसली.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगा झाला, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग-रुग्णालये चालविण्याची मुभा पूर्वीच मिळाली होती; आता सक्तीची इतर अंगेही एकेक करून गळून पडली. त्याच वर्षी प्लेगचे काम खास समितीकडून पुन्हा म्युनिसिपल कमिशनरकडे आले. हाफकीन यांच्या लशीचा प्रयोग बडोद्याजवळील उंढेरा गावात झाला आणि हुबळीत हजारो लोकांनी ती टोचून घेतली. संगिनीने जे साधले नाही ते समजावणीने काही अंशी साधू लागले. प्लेग मात्र वर्षानुवर्षे परतत राहिला. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ७,७६,००६ भरली. निर्बंध उठले ते रोग संपला म्हणून नव्हेत, तर लोकांच्या विश्वासाशिवाय नगर चालत नाही हे पटले म्हणून.

१८९७ चा तो कायदा मात्र कायम राहिला. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत तोच पुन्हा बाहेर काढण्यात आला. सारे दरवाजे बंद झाले, पण रस्ते झाडणारे आणि कचऱ्याच्या गाड्यांवरचे कामगार त्या दिवसांतही कामावर होते. मग दरवाजे क्रमाक्रमाने उघडले. महाराष्ट्रात ३ जून २०२० पासून मोकळ्या मैदानांत फिरण्यास परवानगी मिळाली. १५ ऑक्टोबरला ग्रंथालये उघडली. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास, देवळे उघडली. १ फेब्रुवारी २०२१ पासून मुंबईच्या लोकलगाड्या ठराविक वेळांत सर्वांस खुल्या झाल्या. अखेरचे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, उठले.

हा क्रम पाहिला म्हणजे १८९६ ची आठवण होते. वाचनालय, बाग, देऊळ यांची दारे उघडली याचा आनंद आपण केला, आणि तो रास्तच होता. परंतु ज्या सेवा एक दिवसही बंद झाल्या नाहीत, त्यांचे पुनरुद्घाटन कोणी केले नाही, कारण त्यांना उद्घाटनाची गरजच नव्हती. त्या चालविणाऱ्यांचे ऋण शहराने ओळखले काय? प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. पण त्या वस्त्यांतून उठविलेल्या गरिबांपैकी पुष्कळांस नव्या घरांचा लाभ झाला नाही. धास्तीच्या दिवसांत ज्यांची मनधरणी झाली, त्यांचा सुकाळात विसर पडला.

डॉ. व्हिएगस यांचा पुतळा मुंबईत धोबीतलावाजवळ उभा आहे, आणि तो मान यथायोग्य आहे. ज्यांच्या राहण्याने ते शहर १८९६ मध्ये वाचले, त्यांची नावे कोणत्याही चौथऱ्यावर नाहीत. पुतळ्यांची मागणी आम्ही करीत नाही. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांचे वेतन, निवारा व आरोग्य यांची तरतूद साथीची वाट न पाहता करावी, एवढेच म्हणतो. पुढची साथ केव्हा येईल हे कोणास सांगता येत नाही. ती येईल तेव्हा नगर कोणाच्या भरवशावर उभे राहील, हे मात्र इतिहासाने आपणांस सांगून ठेवले आहे.