मताधिकार नसलेल्यांचे नागरिकत्व : वसाहतकालीन लागोसची योरुबा वृत्तपत्रे

१/ जुलै १९२९. लागोसच्या 'आकेदे एको' या साप्ताहिकात एका वृद्ध, आजारी स्त्रीची पत्रे छापून येऊ लागली. नाव सेगिलोला. तारुण्यात अनेक पुरुषांना नादी लावल्याचा पश्चात्ताप ती सांगत होती. अनेक वाचकांना ही बाई खरीच वाटली. वास्तविक ती कधी अस्तित्वातच नव्हती.

२/ पत्रे लिहीत होते स्वतः संपादक, आय. बी. थॉमस. १९३० साली ती पुस्तकरूपाने आली. आज अभ्यासक तिला पहिली योरुबा कादंबरी मानतात. पण तिचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही.

३/ थोडे मागे जाऊ. ब्रिटिशांनी १८५१ साली लागोसवर तोफा डागल्या आणि १८६१ साली ते ताब्यात घेतले. पुढे लागोस वसाहतीत जन्मलेला माणूस 'ब्रिटिश प्रजाजन' ठरला, तर अंतर्भागातला योरुबा केवळ 'संरक्षित व्यक्ती'. भाषा एक, दर्जे दोन.

४/ लिखित योरुबा घडवण्यात मोठा वाटा सॅम्युएल अजायी क्राउथर यांचा. १८२१ साली गुलाम म्हणून पकडले गेलेले हे गृहस्थ मुक्त झाल्यावर मिशनरी झाले आणि १८४३ साली त्यांचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. १८५९ साली हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने आबेओकुटा येथे 'इवे इरोहिन' हे योरुबा वृत्तपत्र काढले.

५/ आता १९२२. नव्या राज्यघटनेने विधिमंडळात निवडून द्यावयाच्या ४ जागा दिल्या : ३ लागोसला, १ कालाबारला. मतदार कोण? वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्न असलेला प्रौढ पुरुष. स्त्रिया वगळल्या गेल्या. बहुसंख्य कष्टकरी पुरुषही.

६/ नेमक्या याच दशकात योरुबा साप्ताहिकांचे पेव फुटले : 'एको आकेते', 'एलेती ओफे', इबादानचे 'योरुबा न्यूज' आणि १९२८ साली 'आकेदे एको'. आकेदे म्हणजे दवंडी देणारा. एको म्हणजे लागोस. पूर्वी दवंडीवाला राजाची आज्ञा लोकांपर्यंत नेई. आता लोकांची पत्रेच दवंडी होऊन छापली जाऊ लागली.

७/ वादांना तोटा नव्हता. १९२५ साली सरकारने लागोसचे पारंपरिक राजे एशुगबायी एलेको यांना पदच्युत करून हद्दपार केले. लढा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९३१ साली तिने बजावले की, कायद्याचा आधार न्यायालयात दाखवल्यावाचून कार्यकारी सत्तेला कोणाच्या स्वातंत्र्यात हस्तक्षेप करता येणार नाही. त्याच वर्षी एलेको परतले.

८/ योरुबात 'ओलाजू' असा शब्द आहे : शब्दशः 'डोळे उघडणे', अर्थात शिक्षणाने व जगाच्या परिचयाने येणारे शहाणपण. या पत्रांचा लेखक केवळ साम्राज्याचा प्रजाजन नव्हता; तो 'इलू'चा, म्हणजे नगराचा, घटक म्हणून बोलत होता. नगराचे बरेवाईट सांगण्याचा अधिकार त्याने कोणाकडे मागितला नाही. लिहूनच तो वापरला.

९/ म्हणूनच सेगिलोला महत्त्वाची. तिच्या पत्रांत लागोसचे रस्ते आहेत, लोकांच्या तोंडची गाणी आहेत. वाचकाला ती ओळखीची वाटली, कारण ते नगर त्याचेच होते.

१०/ मात्र एक सल उरते. मताधिकार नसलेल्या स्त्रीला वृत्तपत्रात आवाज मिळाला, तोही एका पुरुषाने लिहिलेला, आणि तो पश्चात्तापाचा. नागरिकत्वाचा इतिहास वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत : कोण बोलत आहे? आणि कोणाच्या नावाने?