बोजारा, पोस्त आणि बोनस

अमरावतीचे एक निवृत्त शिक्षक आमचे जुने स्नेही आहेत. गेल्या दिवाळीनंतर ते मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या एका पर्यटन-जहाजाने सपत्नीक प्रवासास निघाले होते. तिकिटे मुलाने काढून दिली होती. निघण्यापूर्वी ते आमच्याकडे आले आणि त्यांनी विचारले, "जहाजावरच्या पोरांना काय द्यायचे असते हो?" मुलगा म्हणत होता की माणशी रोजची रक्कम बिलातच धरलेली असते, निराळे काही द्यायला नको. सुनेचे मत असे की खोली आवरणाऱ्याच्या हातावर काही तरी ठेवावेच लागते. गुरुजींच्या पत्नीने चिवड्याचे दोन डबे आधीच बांधून ठेवले होते. "तुम्ही मजुरांचे पुढारी. तुम्हीच सांगा," असे म्हणून गुरुजी थांबले.

आम्ही उत्तर दिले खरे, पण ते आमचे आम्हांसच पटले नाही. तीस वर्षे आम्ही बोनसच्या वाटाघाटी करीत आलो आणि त्याआधी अकोल्याच्या एका हॉटेलात बशा विसळीत टेबलावर राहिलेली चार-आठ आण्यांची नाणी मोठ्या आनंदाने उचलीत होतो. बक्षिसी आणि बोनस ही दोन्ही नाणी आमच्या खिशात वाजलेली आहेत. त्यांच्यात फरक काय, आणि तो कसा पडत गेला, हे या व्याख्यानाच्या निमित्ताने नीट लावून पाहावे म्हणून आम्ही उभे राहिलो. आम्ही शाळेत आठवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले, तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे.

प्रारंभ आपल्या घरातूनच करतो. आमचे वडील वऱ्हाडातल्या एका गावी सालदार होते. साल म्हणजे वर्षाचा करार. इतके पैसे, इतके धान्य, कापड आणि पायताण, असे पाडव्याच्या सुमारास तोंडी ठरायचे. त्याखेरीज पोळ्याचा बोजारा. पोळा फुटला की गडी सजवलेले बैल घेऊन घरोघर जातो, घरची लक्ष्मी बैलांची पूजा करते आणि गड्याच्या हातावर पैसे ठेवते, तो बोजारा. आम्ही लहानपणी बापाच्या मागे उड्या मारीत जायचो. त्या दिवशी बाप आम्हांला गावचा राजा वाटे. पण त्याच वर्षी माघात घरी ज्वारी संपली आणि वडील सालापोटी चार पायल्या मागायला वाड्यावर गेले, तेव्हा ओसरीवरून प्रश्न आला, "देल्लं नोतं काय तुले पोयाले?" ज्वारी मिळाली, नाही असे नाही. पण पोळ्याचे प्रेमाने दिलेले पैसे माघात हिशेबात आले होते. सालातून ते वजा झाले नाहीत, वडिलांच्या तोंडातून मात्र वजा झाले, कारण पुढे त्यांनी कधी आपणहून धान्य मागितले नाही.

दिवाळीची पोस्त याच घराण्यातली. शहरात पोस्टमन, भंगी (हा शब्द त्या काळी बेधडक वापरीत, आम्ही तो लाज वाटूनच उच्चारतो), गुरखा, कचेरीतला शिपाई असे सगळे दिवाळीला पोस्त मागायला येत. शब्दांचीच गंमत पाहा. बक्षीस आणि नजराणा हे दोन्ही शब्द फारसीकडून मराठीत आले. वरून खाली गेले ते बक्षीस आणि खालून वर गेला तो नजराणा. पेशवाईच्या अखेरीस मामलत मिळावी म्हणून गुपचूप पोचवायच्या रकमेला 'अंतस्थ' म्हणत. पैसा तोच, पण कोणत्या दिशेने चालला यावरून त्याचे नाव ठरते. गिरण्यांतही तेच होते. व्हिटलीसाहेबांचा मजूर आयोग १९२९ साली नेमला गेला व १९३१ साली त्याचा अहवाल आला. काम मिळावे आणि टिकावे म्हणून मजुराला जॉबरला दस्तुरी द्यावी लागते, ही गोष्ट त्यात नोंदली आहे. आगबोटीवरच्या खलाशांची भरतीही अशीच सारंग आणि दलाल यांच्या हातात असे. कोकणातला, गोव्यातला पोरगा बोटीवर चढण्याआधी पैसे मोजी आणि चढल्यावर साहेब प्रवाशाच्या बक्षिसीकडे डोळे लावी.

मग हे चालते का? देणारे सगळे दुष्ट असतात म्हणून? मुळीच नव्हे. आमची आई पोळ्याला दुसऱ्यांच्या गड्याला बोजारा द्यायची आणि स्वतःजवळ नसले तर शेजारणीकडून उसने आणून द्यायची. देण्यात सुख आहे, ते कोणी काढून घेऊ नये. प्रश्न देणाऱ्याचा नाही, तिसऱ्याचा आहे, म्हणजे ज्याने पगार द्यायचा त्याचा.

ही गोष्ट आपल्या देशात अत्यंत स्पष्टपणे मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि ती हॉटेलाच्या वा जहाजाच्या संदर्भात नव्हे, तर महार वतनाच्या. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आणले. वतनदार महार सरकारचे काम करतो, रात्री-बेरात्री निरोप घेऊन धावतो. त्याबद्दल सरकार त्याला देते थोडी इनाम जमीन आणि नाममात्र मुशाहिरा. उरलेले पोट त्याने गावाकडून बलुते मिळवून भरावयाचे. म्हणजे चाकरी एकाची आणि भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर. गावाशी वाकडे आले की भाकरी बंद. या बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर व्हावे आणि ती शेतसाऱ्याबरोबर वसूल होऊन पगाराच्या रूपाने मिळावी, असा मार्ग त्या विधेयकात होता. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यातली ही कनिष्ठ वतने रद्द होण्यास १९५८चा कायदा यावा लागला. आमच्या वाचनात ज्या दिवशी हे प्रकरण आले, त्या दिवशी आम्हांस आमच्या हॉटेलच्या मालकाचे बोलणे आठवले. पगार वाढवून मागितला की तो म्हणे, "अरे, गिऱ्हाईक देतेच ना वरून!"

अमेरिकेतही हाच खेळ झाला. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत चाकरीला काळे लोक घेतले, त्यांतले पुष्कळ कालपरवापर्यंत गुलाम होते. पगार तुटपुंजा, बाकी उतारूंच्या बक्षिसीवर. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली १९२५ साली त्यांनी संघटना काढली आणि बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीशी करार केला. ज्यांना हसून उभे राहण्याचे पैसे मिळत, त्यांनी कामाच्या तासांचे आणि पगाराचे पैसे मागितले.

आता बोनस. आजच्या तरुण कामगाराला वाटते की बोनस हा आकाशातून पडलेला हक्क आहे. तो मुळात बक्षीसच होता. पहिल्या महायुद्धात कापडाला भाव आला आणि १९१७ साली काही कापड गिरण्यांनी मजुरीच्या १० टक्के 'युद्ध बोनस' दिला. पुढे काही वर्षे नफ्यावर बोनस मिळत गेला. १९२३चा बोनस मुंबईच्या मालकांनी नाकारला, तेव्हा १९२४च्या जानेवारीत दीड लाखांवर कामगार बाहेर पडले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले. सरकारने मुख्य न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निर्णय असा की वार्षिक बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कसलाच अंमलात आणता येईल असा हक्क सिद्ध होत नाही. थोडक्यात, पोळ्याला मिळाले म्हणून पुढच्या पोळ्याला मिळेलच असे नाही. संप हरला. पण आमच्या मते खरी कमाई त्याच संपात झाली. बक्षीस मिळाले नाही म्हणून संप करता येत नाही. ज्या क्षणी दीड लाख माणसे त्यासाठी उपाशी राहिली, त्या क्षणी ते बक्षीस राहिले नाही. न्यायमूर्तींच्या ध्यानात ते यायचे होते, इतकेच.

पुढची वाट वकिली काट्याकुट्यांची आहे, ती भरभर चालू. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्या वादात सूत्र घालून दिले. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्वसनाची तरतूद, कर आणि भांडवलावरचा परतावा वजा करा, मग उरेल त्यात कामगाराचा वाटा. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने कलकत्त्याकडील पूजा बोनसच्या वादात रूढीची कसोटी मान्य केली. सणाची रक्कम खंड न पडता दीर्घकाळ, तोट्याच्या वर्षीही, एकाच दराने दिली असेल तर ती रूढी, मालकाची मेहेरबानी नव्हे. १९६१ साली मेहेर आयोग नेमला गेला आणि १९६५ साली कायदा झाला. किमान ४ टक्के, कमाल २० टक्के. पुढे किमान ८.३३ टक्के झाले, आणीबाणीत ते खाली आणले गेले, १९७७ नंतर पुन्हा वर गेले. १९७४च्या रेल्वे संपात बोनस ही एक प्रमुख मागणी होती. भुसावळ ते बडनेरा आमच्या वऱ्हाडची कितीतरी घरे त्यात होरपळली, आणि रेल्वेला बोनस मिळू लागला तो १९७९ साली. हा कायदा २०१९च्या वेतन संहितेत सामावला गेला, तिथेही ८.३३ आणि २० हेच आकडे आहेत. ८.३३ म्हणजे काय, हे आम्ही सभेत असे सांगतो, बाराव्या भागाइतके, म्हणजे वर्षाला तेरावा पगार.

आता आमच्या वऱ्हाडात हा कायदा कसा पोचला ते सांगतो, कारण कायदा मुंबईत होतो आणि कापूस इथे पिकतो. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि फार तर उन्हाळ्यापर्यंत चालतो. रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बाया त्या चार महिन्यांच्या. वर्षात ३० दिवस काम भरले की बोनसचा हक्क. पण हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि बोनस वाटतात दिवाळीला, म्हणजे गेल्या हंगामातली बाई दारात नसते तेव्हा. पुढच्या हंगामात आली तर तिला एक मिठाईचा डबा मिळे.

१९९६च्या दिवाळीची गोष्ट. अकोला जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये आम्ही अशा बायांची यादी घेऊन गेलो. मालक हसतमुख गृहस्थ होते, त्यांनी आम्हांलाही डबा पुढे केला. हजेरीपट मागितला तर त्यात बायांची नावे नव्हतीच, नुसते 'बाया १४' असे लिहिलेले. नावे होती मुकादमाच्या वहीत. ती वही मिळवायला आम्हांस तीन आठवडे लागले. ती कशी मिळाली ते इथे सांगत नाही. तीत एका बाईचे गेल्या हंगामाचे ९७ दिवस निघाले. रोज ६० रुपये, एकूण ५,८२० आणि त्याचा बारावा भाग ४८५ रुपये. ती सही करायला आली तेव्हा मालक थट्टेने म्हणाले, "आता डबा नाही मिळायचा." बाई अंगठा उमटवीत म्हणाली, "डबा बी घेतो न बोनस बी घेतो." आणि तिने घेतला. मालकांनीही दिला, आणि आमच्या मते तो डबा त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने भेट म्हणून दिला, कारण आता त्याच्यापोटी काही अडकलेले नव्हते.

हॉटेलांचे घोडे मात्र अजून अडलेले आहे. १९७६ साली जयपूरच्या एका हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ग्राहकाने दिलेली टिप हा मालकाने द्यावयाच्या वेतनाचा भाग नव्हे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९१ साली हॉटेल कामगारांसाठी करार केला, त्यातही असे आहे की टिप मिळो वा न मिळो, मूळ वेतन नियमित मिळाले पाहिजे. पण टिपेची रक्कम बिलात छापली की ती गल्ल्यात जाते, आणि तिथून पोराच्या हातापर्यंत किती पोचते हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. आम्ही हॉटेलात होतो तेव्हा गल्ल्याजवळ पत्र्याची पेटी ठेवलेली होती. दिवसभराची बक्षिसी तीत टाकायची आणि शनिवारी वाटायची. फुटलेल्या कपबशांचे पैसेही तीतूनच कापीत. आमच्या हातून फार फुटत. (व्याख्यानमालेचे चालक आज आम्हांस जे पाकीट देतील त्याला ते 'मानधन' म्हणतात. त्याचा दर आम्ही विचारला नाही, आणि न मिळाल्यास संपही करणार नाही.)

गुरुजी जहाजावरून परत आले तेव्हा आम्ही मुद्दाम भेटायला गेलो. बिलात माणशी रोजची रक्कम लावलेली होतीच. तरी शेवटच्या दिवशी त्यांनी खोली आवरणाऱ्या पोराला पाकीट देऊ केले. पोरगा रत्नागिरीकडचा होता. तो म्हणाला, "काका, द्या किंवा राहू द्या. पण टेबलावर तो अभिप्रायाचा कागद आहे ना, त्यावर माझे नाव लिहा. सहा महिन्यांनी करार संपतो, तेव्हा ते कागद बघतात." गुरुजींनी नाव लिहिले, पाकीट दिले आणि चिवड्याचा डबाही दिला. आडनाव तेवढे विचारायचे राहून गेले, असे ते म्हणाले.